न चाखलेलं सूप

त्या शुक्रवारी चवबाईच्या पोटात अन्नाचा कण न जाण्याचा तिसरा दिवस होता, आणि हे कुणालाही कळलेलं नाही अशी तिची खात्री होती. कळू नये म्हणून बाईनं काय कमी खटपट केली? पहाटे उठून केसांना तेल चोपडलं, चापूनचोपून अंबाडा घातला, तोंड दोनदा साबणानं धुतलं, आरशासमोर उभं राहून हसण्याचा सरावसुद्धा केला. उपास करताना तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास फक्त वरच्या बापाला दिसेल, असं बायबलात प्रभूनं सांगून ठेवलंय. आणि चवबाई म्हणजे सांगितलेलं काम शंभर टक्के करणारी बाई. एकशेदहा टक्के म्हणा हवं तर. तिथंच तर घोडं पेंड खातं.

चवबाई हे नाव तिला स्वयंपाकघरानं दिलेलं. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर ते स्वयंपाकघर होतं आणि एकवीस वर्षं ती तिथली मुख्य स्वयंपाकीण होती. तिची जीभ म्हणजे तराजू. चमच्याचं टोक ओठाला लागलं न लागलं तोच ती सांगायची, गाजर कालचं आहे, पातेलं नीट विसळलेलं नाही, मीठ अर्धा चमचा जास्त पडलंय. वर सहा मजल्यांवर आजारी माणसं निजलेली. कुणाला साखर चालत नाही, कुणाला तूप, कुणाला मीठ. त्यामुळे तिथं चव पाहणं म्हणजे जिभेचे चोचले नव्हते. भिंतीवर एक तक्ता टांगलेला असायचा. प्रत्येक पातेल्यासमोर "चाखलं" असा रकाना, आणि त्यात तिची सही.

आता हा उपास कशासाठी, तेही सांगून टाकते. चवबाईचा धाकटा भाऊ याच इस्पितळात चौथ्या मजल्यावर, किडनीच्या वॉर्डात, दोन महिने पडून होता. बस चालवायचा. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि ही एकोणीसची. तेव्हापासून हिनंच त्याला भरवलं, वाढवलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या तसं हिनं डॉक्टरांना सांगितलं, माझी एक घ्या, मला दोन काय करायच्यात? तपासण्या झाल्या. जुळत नाही म्हणाले. त्या दिवशी बाई घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पोटचा असता तरी एवढी तुटली नसती. मग ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेताना तिनं मनाशी ठरवलं: किडनी देता येत नाही, तर भूक तरी देते. चाळीस दिवस एकवेळ जेवीन, आणि शेवटचे चार दिवस, बुधवार ते शनिवार, नुसत्या पाण्यावर राहीन. प्रभू, तेवढं त्याला कुणाची तरी किडनी मिळू दे.

त्याच दिवशी फादरनी चर्चमध्ये दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, उपासानं जे वाचेल ते भुकेल्याच्या हातात ठेवा, नाहीतर तो उपास नव्हे, काटकसर. दुसरी, आजाऱ्यानं, म्हाताऱ्यानं, पोटुशीनं आणि ज्यांच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्यांनी कडक उपास धरण्याआधी मला येऊन विचारा. पहिली गोष्ट चवबाईनं तंतोतंत पाळली. स्वतःच्या वाटणीचा पाव कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवायची आणि दुपारी मागच्या फाटकाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांना द्यायची. दुसरी गोष्ट तिनं कानाआड केली. विचारायला गेलं म्हणजे सांगितलंच की. सांगितलं म्हणजे उपास गावभर झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा हिशेब.

मंगळवारपर्यंत सगळं ठीक चाललं. चाखायची, थुंकायची, चूळ भरायची. पण बुधवारी, नुसत्या पाण्याच्या पहिल्याच दिवशी, सुपाचा चमचा ओठांशी नेताना तिच्या मनात आलं, हा थेंब पोटात गेला तर? जिभेवर उतरलं ते घशात उतरणार नाही कशावरून? एवढे दिवस जपलेलं एका थेंबानं फुकट जायचं. तिनं चमचा ओठांपर्यंत नेला, ओठ न उघडता खाली आणला आणि तक्त्यावर सही केली. कोणाच्या लक्षात आलं नाही. एकवीस वर्षांचा हात, अंदाज चुकायचा नाही. गुरुवारीही नाही चुकला.

शुक्रवारी सकाळी नऊला कोठीत जाताना पहिली चक्कर आली. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. तिनं फळीला घट्ट धरलं, दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "काही नाही, सरेल." मीठ संपत आलं होतं, दोन्ही डबे भरायचे होते.

हे दोन डबे नीट ध्यानात ठेवा. दोन्ही स्टीलचे, एकाच मापाचे. पांढऱ्या झाकणाच्या डब्यात साधं मीठ. लाल झाकणाच्या डब्यात पथ्याचं मीठ, ते रक्तदाबवाल्यांसाठी. त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम ठासून भरलेलं. धडधाकट माणसाला त्यानं काही होत नाही. ज्याच्या किडन्या गेल्या त्याच्या अंगातून मात्र ते बाहेर पडत नाही, साठतं आणि काळीज बंद पाडू शकतं. म्हणून भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: किडनीच्या पेशंटना पथ्याचं मीठ नाही. दिसायला दोन्ही सारखीच, पांढरी, बारीक. फरक फक्त जिभेला कळायचा. पथ्याचं मीठ मागून कडवट लागतं, नाणं चाटल्यासारखं.

चवबाईचा स्वतःचाच नियम होता, एका वेळी एकच डबा उघडायचा. नव्या माणसाला ती हे पहिल्या दिवशी दटावून सांगायची. त्या दिवशी तिनं दोन्ही डबे एकदम उघडले, दोन्ही झाकणं शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही पिशव्या फोडून ओतल्या. मध्येच पुन्हा गरगरलं. ती स्टुलावर टेकली, पाणी प्यायली, उठली आणि झाकणं लावून मोकळी झाली.

किडनीच्या वॉर्डाचं सूप वेगळ्या, लहान पातेल्यात व्हायचं. दुधी आणि दोनदा उकळून पाणी फेकलेलं गाजर. मीठ अगदी थोडं, मोजून तीन सपाट चमचे, साधं. तिनं पांढऱ्या झाकणाचा डबा उघडला. घातलं. की घालायचं होतं? दुधी ढवळता ढवळता तिला आठवेना. अशी वेळ प्रत्येक स्वयंपाकिणीवर येते आणि प्रत्येक स्वयंपाकीण एकच करते, थेंबभर तळहातावर घेऊन चाटते. चवबाई पातेल्याकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा तीन चमचे मोजून घातले.

तेवढ्यात पथ्यबाई आल्या. म्हणजे इस्पितळाच्या आहारतज्ज्ञ. वयानं चवबाईहून लहान, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की भांडीसुद्धा शिस्तीत उभी राहायची. देवाधर्माशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचा देव म्हणजे तो तक्ता.

"चौथ्या मजल्याचं झालं?"

"झालं."

"चाखलंत?"

"चाखलं," चवबाई म्हणाली आणि सही केली.

तोंडावर तेच आरशातलं हसू. पथ्यबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं आहे ना तुम्हाला? घाम आलाय."

"शेगडीपाशी घाम येणार नाही तर काय थंडी वाजणार?"

पथ्यबाई पुढच्या कामाला गेल्या. ट्रॉलीमामा, म्हणजे ताटं पोचवणारे काका, चौथ्या मजल्याची ट्रॉली ढकलत लिफ्टकडे निघाले. किडनीवाल्यांचं जेवण नेहमी सगळ्यांच्या आधी जायचं. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

चवबाई ओटा पुसायला लागली. डबे उचलले, खालून फडकं फिरवलं, परत ठेवले. आणि तिचा हात थांबला. साध्या मिठाच्या डब्याला काठाजवळ एक पोचा होता, कधीकाळी पडून आलेला. एकवीस वर्षं तो पोचा तिच्या अंगठ्याखाली येत होता. आत्ता अंगठ्याखाली पोचा आला आणि वर झाकण होतं लाल.

झाकणं तरी बदलली होती. पण आत काय आहे? तिनं पिशव्या रिकाम्या केल्या त्या डब्यांकडे बघून की झाकणांकडे बघून? आठवेना. काही म्हणजे काही आठवेना. तिनं पांढऱ्या झाकणाचा डबा उघडला. आत मीठ, पांढरं, बारीक. दुसरा उघडला. आत मीठ, पांढरं, बारीक. तिनं पांढऱ्या झाकणाच्या डब्यातली चिमूट उजेडात धरली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. आणि हे सगळं ती कशाला करत होती ते तिलाही कळत होतं. जे करायला हवं तेवढं सोडून बाकी सगळं करत होती. बोटावर मिठाचे चार कण घेऊन ती उभी होती, आणि डोक्यात चालू होतं: अजून दीड दिवस. फक्त दीड दिवस उरलाय. इथं मोडला तर त्याची किडनी गेली.

भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं. पुढे आयुष्यभर ती त्या मिनिटाबद्दल स्वतःला माफ करणार नव्हती.

मग तिनं बोट जिभेवर ठेवलं.

खारट. आणि खारटाच्या मागून, सावकाश, कडू.

म्हणजे सुपात पथ्याचं मीठ होतं, तेही दुप्पट. आणि भावाचं डायलिसिस मंगळवारी झालेलं, पुढचं आज संध्याकाळी. तीन दिवसांचं विष आधीच अंगात साठलेलं. तिनं भिंतीवरचा फोन ओढून चौथा मजला लावला. टूं, टूं, टूं. कुणीतरी बोलत होतं. पुन्हा लावला. टूं, टूं. शेजारी भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात तिनं रिसीव्हर कोंबला. "लावत राहा. लागला की सांग, सूप कुणीही पिऊ नका. पथ्यबाईंनाही सांग." आणि ती धावली.

लिफ्ट वर गेलेली, पाचवर अडकलेली. तिनं जिना धरला. पहिला मजला रागाच्या जोरावर चढली. दुसरा कठड्याच्या आधारानं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, जिना वळतो तिथं, गुडघे वाकले ते वाकलेच. ती पायरीवर बसली, बसली कसली, कोसळली. कानांत वारा घोंघावत होता. डोळ्यांपुढे जिना दिसेनासा झाला. उठायचं म्हटलं तर पाय दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे. ती मोठ्यानं रडली. हाका मारल्या, पण घशातून आवाज निघेना, आणि त्या जिन्यावर चिटपाखरू नव्हतं.

हात खिशावर पडला. खिशात पाव होता. आजोबांचा.

या वेळी तिनं मिनिट घालवलं नाही. कागद फाडला आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. तीन दिवस कोरडं पडलेलं तोंड, चावता येईना, गिळता येईना. ती तो लाळेनं भिजवत, डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत होतं त्यासकट गिळत राहिली. अर्धा पाव गेला. पावाची ती गोडूस, आंबूस चव तिला टाळूपासून पायांपर्यंत जाणवली. कठडा धरून ती उभी राहिली आणि उरलेला अर्धा पाव मुठीत धरून वर चढली.

वॉर्डाचं दार तिनं खांद्यानं ढकललं. "सूप खाली ठेवा. कुणी पिऊ नका. ठेवा खाली."

फोनवर बोलणारी सिस्टर दचकून उठली. बारा खाटा होत्या. सात जणांनी हात लावलेला नव्हता. चौघांनी दोन-दोन, चार-चार घोट घेतलेले. खिडकीजवळच्या अकरा नंबरच्या खाटेवर भाऊ बसला होता. त्याची वाटी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, बोटानं पुसून चकचकीत केलेली. आईची शिकवण, ताटात काही ठेवायचं नाही.

"काय गं ताई," तो म्हणाला, "आज घरपोच सेवा?"

ती सिस्टरकडे वळली आणि सांगायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर सगळंच बाहेर पडलं. कुठलं मीठ, किती चमचे, किती वेळा. मागोमाग पथ्यबाई धापा टाकत आल्या, डॉक्टर आले.

"पण तुम्ही चाखलं होतंत," पथ्यबाई म्हणाल्या. "मी विचारलं होतं."

"नाही चाखलं. खोटं बोलले मी. सहीपण खोटी. तीन दिवसांच्या सगळ्या सह्या खोट्या. मला उपास आहे, बुधवारपासून काही खाल्लेलं नाही."

सगळा वॉर्ड ऐकत होता. भाऊ ऐकत होता. तेल लावून, तोंड धुऊन, हसून जे इतके दिवस झाकलं होतं ते तिनं बारा खाटांसमोर उघडं केलं, आणि त्या क्षणी तिला त्याचं काहीही वाटलं नाही. लाज नंतर आली, आणि आली ती पुरेपूर आली.

पथ्यबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या देवाला खाली येऊन सूप चाखता येत नाही. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

पाचही जणांच्या छातीला तारा लावल्या, रक्त काढून नेलं. चौघांचं फारसं बिघडलं नव्हतं, नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. भावाच्या यंत्रावरची रेघ बघून मात्र डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. चवबाईला त्या रेघेतलं काही कळत नव्हतं, खाली आणलेला आवाज कळला. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, खाट ढकलत डायलिसिसच्या खोलीत नेली. जाताना तो काहीतरी बोलायला गेला आणि त्याची जीभ जड झालेली तिनं ऐकली. दार बंद झालं.

दाराला चौकोनी काच होती. ती तिथं उभी राहिली. कुणी खुर्ची दिली, ती बसली नाही. तीन वाजले. आज गुड फ्रायडे, प्रभूनं प्राण सोडला त्या या वेळेला चर्चमध्ये सगळे गुडघ्यांवर असतील, तिचीही जागा होती, तिसऱ्या रांगेत. इथं तिला गुडघे टेकायची हिंमत झाली नाही. कुठल्या तोंडानं मागायचं? चाळीस दिवस ती देवाशी सौदा करत होती, हे तिला त्या काचेपाशी उभं राहून स्वच्छ कळलं. मी एवढं उपाशी राहते, तू तेवढं दे. आणि सौदा मोडू नये म्हणून खोटं बोलले, खोटी सही केली, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्यालाच वाटीभर विष पाठवलं. प्रभू, ती मनात म्हणाली, उपासाचं राहू दे. तो मोजू नकोस. किडनीचंही नंतर बघू. नुसता त्याला ठेव. मुठीत अर्धा पाव अजून तसाच होता, घामानं ओला झालेला.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाले, "निभावलं. अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं." ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सहाला तिला आत सोडलं. भाऊ पांढराफटक पडला होता, दंडात सुई, ओठ कोरडे. पण डोळे तेच, वात्रट.

"आज वाटी रिकामी गेली ना?" त्यानं विचारलं. "शाब्बास नाही म्हणालीस."

रोज दुपारी खरकटी भांडी खाली यायची तेव्हा अकरा नंबरची वाटी ती आधी शोधायची. रिकामी असली तर संध्याकाळी येऊन म्हणायची, शाब्बास.

"तुला कडू नाही लागलं?" ती म्हणाली.

तो छताकडे बघत राहिला. "लागलं."

"कधी?"

"पहिल्याच घोटाला."

"मग प्यायलास का?"

"वाटी भरलेली परत गेली की तू वर येऊन हसतेस आणि घरी जाऊन जेवत नाहीस. मला काय माहीत नाही का? म्हटलं, ताईची जीभ गेली असेल. माझ्यापायी दोन महिने धड झोपली नाहीये, जाईल नाहीतर काय? चवबाईच्या हाताला चव राहिली नाही असं वॉर्डात झालं असतं तर तुझी काय पत राहिली असती? म्हणून घटाघटा पिऊन टाकलं. शेजारच्या काकांनाही म्हटलं, मस्त झालंय, प्या."

चवबाईनं वाकून त्याची चादर उगाचच सारखी केली.

"आणि तू उपाशी आहेस हेही मला माहीत होतं," तो म्हणाला. "बुधवारपासून."

"कसं?"

"तोंडाला वास येतो गं. आईला उपास असायचा तेव्हा असाच यायचा. तू वाकून चादर सारखी केलीस की येतो. डोक्याला किती तेल लावलंस तरी तोंडाचं काय करणार?" तो हसायला गेला आणि खोकला आला. "विचारणार होतो. पण तुला कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून गप्प बसलो."

तिनं लपवलं ते त्याच्यावरच्या मायेनं, त्यानं लपवलं ते तिच्यावरच्या मायेनं, आणि दोघांच्या मायेनं मिळून आज त्याचा जीव घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. तिला संताप आला, त्याचा, स्वतःचा, आणि त्याच वेळी त्याचं डोकं छातीशी धरून बसावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं. आधी त्याच्या दंडावर, सुई नव्हती त्या, एक चापट मारली.

"यापुढे कडू असेल तर कडू म्हणायचं," ती म्हणाली. "वाटी फेकून मारायची माझ्या अंगावर."

"आणि तू भुकेली असशील तर भुकेली म्हणायचं."

"म्हणेन."

"मग म्हण."

तिनं मूठ उघडली. अर्धा पाव चेपून लगदा झाला होता. "भूक लागलीय रे," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर बसून तिनं तो उरलेला पाव शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. तो बघत होता, सातव्या वर्षी ती भरवायची तेव्हा बघायचा तसा.

घरी जाताना ती फाटकाशी थांबली. आजोबा बसले होते. "आज तुमचा पाव मी खाल्ला," ती म्हणाली. आजोबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं." शनिवारी तिनं दोन पाव नेले.

पथ्यबाईंनी चौकशी लावली. निकाल लागेपर्यंत चवबाईला पातेल्यांना हात लावायची बंदी झाली, भाज्या चिरायचं काम मिळालं. तिनं कुरकुर केली नाही. फादरकडेही गेली आणि सगळं सांगून आली. फादरनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मला आधी का नाही विचारलंत?" त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते द्यायची लाज वाटली. किडनीचा अजून काही पत्ता नव्हता.

रविवारी, ईस्टरच्या दुपारी, सूप दुसऱ्या स्वयंपाकिणीनं केलं. चवबाई रीतसर परवानगी घेऊन अकरा नंबरची वाटी स्वतः घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. खाटेशी बसली. भावानं हात पुढे केला तशी तिनं वाटी मागे ओढली, आपला चमचा काढला, एक चमचा सूप घेतलं, जिभेवर घोळवलं आणि गिळलं.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"पांचट," चवबाई म्हणाली. "गाजर कालचं आहे."

"कडू?"

"कडू नाही."

मग तिनं वाटी त्याच्या हातात दिली.